जॉइस्टला खाच नको, ड्रेनच सरकवा

पत्र:

"आमचं घर लाकडी सांगाड्याचं आहे. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधला टब काढून तिथे शॉवर करतोय. टबचा ड्रेन भिंतीलगत होता, शॉवरचा मधोमध हवा आहे. जमीन उघडली तर नव्या ड्रेनच्या बरोबर खाली एक जॉइस्ट (जमीन पेलणारी आडवी लाकडी तुळई) निघाला. तिथून भिंतीतला उभा पाइप चार फुटांवर आहे आणि वाटेत आणखी तीन जॉइस्ट आडवे येतात. जॉइस्ट सव्वानऊ इंच उंच आणि दीड इंच जाड आहेत, दर सोळा इंचांवर एक. प्लंबर म्हणतो, वरून तीन-तीन इंचांच्या खाचा मारून पाइप त्यात ठेवतो, वर प्लायवुड बसलं की कोणाला दिसणार? माझे दीर म्हणतात, ड्रेनखालचा जॉइस्टच कापून टाका. जुन्या टबच्या पाइपासाठी कुणीतरी एका जॉइस्टला आधीच वरून खाच मारलेली आहे आणि तिच्या कोपऱ्यातून वीतभर आडवी चीर गेली आहे. शॉवरचा ट्रे (ड्रेनचं भोक असलेला तयार तळ) अजून मागवलेला नाही. कोणाचं ऐकू?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही शेवटी लिहिली आहे: ट्रे अजून मागवलेला नाही. म्हणजे ड्रेन नेमका कुठे येणार हे अजून तुमच्या हातात आहे आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. ड्रेन चार इंच इकडे-तिकडे झाला तर अंघोळ करणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जॉइस्टमधलं लाकूड मात्र एकदा काढलं की ते परत येत नाही. म्हणून आधी जॉइस्ट पाहायचे, दोन जॉइस्टमधल्या मोकळ्या जागेत ड्रेनची जागा ठरवायची आणि त्या मापाचा ट्रे नंतर शोधायचा. बहुतेक कामांत ट्रे आधी घरात येतो, त्याचं भोक ठरलेलं असतं आणि मग करवत जॉइस्टवर चालते. तुमच्याकडे तसं व्हायला नको.

आता खाचेबद्दल. याबाबत माझं मत अगदी स्पष्ट आहे: तीन इंचांची खाच मारू देऊ नका. एकाही जॉइस्टला नको.

जॉइस्टवर वजन आलं की तो किंचित वाकतो. एक जाडसर खोडरबर दोन्ही टोकांना धरून मधोमध दाबून पाहा. वरची बाजू आवळते, खालची ताणते आणि मधल्या पट्ट्याला फारसं काहीच होत नाही. जॉइस्टचं तेच आहे. त्याचा खरा जोर वरच्या आणि खालच्या कडेत असतो. मधल्या उंचीवर गोल भोक पाडलं तर त्याचं फार बिघडत नाही, पण वरून खाच मारली की नेमकी कामाची कड जाते. आणि हे नुकसान सरळ हिशोबाने होत नाही. जॉइस्टची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सव्वानऊ इंचांतले तीन गेले तर सव्वासहा उरले. उंची एक तृतीयांशाने कमी झाली, पण त्या जागी ताकद निम्म्यापेक्षाही खाली आली. शिवाय खाचेच्या चौकोनी कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो आणि लाकूड तिथून रेषेरेषेने फाटत जातं. हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, कारण त्याचा नमुना तुमच्याच जमिनीत आहे. जुन्या खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली ती वीतभर चीर म्हणजे हेच.

खाच मारली म्हणून उद्या जमीन कोसळत नाही, हे खरं. म्हणूनच "कोणाला दिसणार" हे वाक्य इतकं खपतं. होतं असं की जमीन पायाखाली थोडी जास्त लवते. लवली की टाइल्सच्या सांध्यातली ग्राउट आधी केसाएवढी उघडते, ड्रेनच्या कॉलरपाशी ट्रे आणि पाइप एकमेकांना ओढायला लागतात आणि थोडं-थोडं पाणी खाली उतरू लागतं. ते पाणी जातं कुठे, तर त्याच खाच मारलेल्या लाकडात. खालच्या खोलीच्या छतावर डाग दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो.

नियम काय म्हणतात तेही सांगते, म्हणजे प्लंबरशी बोलताना तुमच्या हातात आकडे असतील. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही घरांची बांधकाम संहिता पायाभूत धरतात. सलग लाकडाच्या जॉइस्टला मारलेली खाच त्याच्या उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल असू नये आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तर खाच अजिबात नको, असं त्यात आहे. तुमच्या जॉइस्टचा एक षष्ठांश म्हणजे जेमतेम दीड इंच. शॉवरला लागणारा दोन इंची पाइप बाहेरून मोजला तर सुमारे २.३७५ इंच भरतो. तो दीड इंचात बसणारच नाही. सव्वाअकरा इंची जॉइस्ट असता तरी बसला नसता. अगदी टोकाला, आधारावर टेकलेल्या जागी, एक चतुर्थांशापर्यंत खाच चालते, पण तुमचा पाइप तिथून जात नाही. थोडक्यात, शॉवरचा पाइप खाचेत ठेवणं हा तुमच्या घरात पर्यायच नाही.

गोल भोकाला मात्र ही संहिता बरीच मोकळीक देते. भोकाचा व्यास उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चालतो. मात्र भोकाची कड जॉइस्टच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून, तसंच दुसऱ्या भोकापासून किंवा खाचेपासून, किमान दोन इंच लांब हवी. तुमच्यासाठी एक तृतीयांश म्हणजे तीन इंचांहून थोडं जास्त. पाइपाला अडीच इंची भोक पुरतं. म्हणजे काम आरामात होतं. तुमचे जॉइस्ट सव्वासात इंची असते तर अडीच इंचाचं भोकसुद्धा मर्यादेच्या जरा बाहेर गेलं असतं आणि मला हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

इथे एक गोष्ट आधी पक्की करा. मी हे सगळं सलग लाकडाच्या जॉइस्टबद्दल बोलते आहे. वर-खाली जाड पट्टी आणि मध्ये पातळ फळी असे इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचे तयार जॉइस्ट असतील, तर वरची-खालची पट्टी कधीही कापायची नाही आणि मधल्या फळीतलं भोक कंपनीच्या तक्त्याप्रमाणेच पाडायचं. लाकडी ट्रस, म्हणजे पट्ट्या तिरक्या जोडून केलेला सांगाडा, असेल तर त्याच्या कोणत्याही भागाला इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्ही जाडी दीड इंच लिहिली आहे, त्यावरून तुमचे साधे सलग जॉइस्ट आहेत असं धरून पुढे जाते.

आता ड्रेनची जागा. जॉइस्ट दीड इंच जाड, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे पाऊण इंच. पाइपाची कॉलर पावणेतीन इंचांच्या आसपास असते आणि ड्रेन घट्ट करायला प्लायवुडखाली चारही बाजूंनी हात शिरायला हवा. त्यासाठी ड्रेनचा मध्य जॉइस्टच्या मध्यापासून चार इंच तरी सरकवा. तो उभ्या पाइपाच्या दिशेने सरकवा. उलट्या बाजूला नेलात तर ड्रेनखालचा जॉइस्टही ओलांडावा लागेल, म्हणजे तीनाऐवजी चार भोकं. भिंतीकडे चार इंच आलात की पुढचा जॉइस्ट बारा इंचांवर उरतो आणि मध्ये ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी साठवून ठेवणारा वाकडा पाइप, बसायला पुरेशी जागा मिळते.

मग ट्रेचं काय? तयार ट्रेमध्ये ड्रेन मध्ये, डावीकडे, उजवीकडे, मागच्या कडेला असे प्रकार मिळतात. तुमच्या मापाचा शोधा. नाहीच मिळाला, तर मध्यावर ड्रेन असलेला ट्रे घ्या, सगळा ट्रेच चार इंच सरकवा आणि मागे उरलेल्या फटीत लाकडी चौकट उभी करून भिंत पुढे घ्या. त्या चार इंचांत साबण-शॅम्पूचा कोनाडा छान बसतो, हे मी आवर्जून सुचवते. टाइल्सचा शॉवर करणार असाल तर ट्रेचाही प्रश्न नाही. ड्रेन मध्यावर नसला तरी चालतो, फक्त ढाळ सगळ्यात लांबच्या भिंतीपासून धरायचा, दर फुटाला पाव इंच. जवळच्या बाजूंचा ढाळ आपोआप जरा तीव्र होईल आणि टाइल्स तिरक्या कापाव्या लागतील. ते नको असेल तर लांबट पन्हळीसारखा ड्रेन दोन जॉइस्टच्या मध्ये, जॉइस्टला समांतर बसवता येतो. मग सगळी जमीन एकाच दिशेला उतरते आणि मोठ्या टाइल्सही चालतात. मला स्वतःला तुमच्या जागी हाच पर्याय जास्त आवडला असता, पण त्याचं तोंड मध्ये आहे की टोकाला हे घेण्याआधी पाहा. तेही जॉइस्टवर यायला नको.

दिरांचा उपाय चुकीचा नाही, फक्त तो शेवटचा आहे. जॉइस्ट कापता येतो, पण नुसता कापून सोडता येत नाही. आधी खालच्या खोलीतून टेकू द्यायचा. मग कापलेल्या दोन्ही टोकांपाशी, शेजारच्या दोन जॉइस्टच्या मध्ये, त्याच उंचीचं आडवं लाकूड टाकायचं आणि सगळे सांधे लोखंडी जॉइस्ट हँगरने (लाकडाचं टोक धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीने), हँगरसाठी सांगितलेल्या खिळ्यांनीच बांधायचे. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू तिथे चालत नाहीत. ते ठिसूळ असतात आणि भाराखाली तटकन तुटतात. कापलेल्या जॉइस्टचा भार शेजारच्या दोघांवर जातो, म्हणून त्यांनाही जोडलाकूड लावून दुप्पट करावं लागतं. तुमच्या बाबतीत चार इंच सरकण्याने जे साधतं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? काही कारणाने ड्रेन सरकवणं अशक्यच झालं, किंवा त्या जॉइस्टवर वरच्या भिंतीचा भार असला, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि त्याने काढून दिलेल्या आराखड्याप्रमाणेच कापा.

चीर गेलेल्या जॉइस्टकडे नव्या पाइपाच्या आधी लक्ष द्यायचं आहे. जमीन उघडी आहे तोवर हे काम सोपं असतं. जुना पाइप काढा. जॉइस्ट खाली आला असेल तर खालून जॅक लावून हळूहळू, घाई न करता, पातळीत आणा. मग त्याच उंचीचं नवं लाकूड त्याच्या अंगाला बांधकामाचा गोंद लावून चिकटवा आणि खिळ्यांनी किंवा बोल्टने जोडा. ते दोन्ही टोकांना आधारावर टेकेल एवढं लांब मिळालं तर सगळ्यात उत्तम. मध्ये वायर किंवा दुसरा पाइप आल्यामुळे तेवढं लांब शिरत नसेल, तर चिरेच्या दोन्ही बाजूंना किती लांबी पुरेल हे इंजिनिअरलाच विचारा. फूटभर ठिगळ लावून भागत नाही. आणि नव्या पाइपाचं भोक याच जॉइस्टमधून जाणार असेल तर ते जुन्या खाचेपासून आणि चिरेपासून लांब ठेवा आणि जुन्या-नव्या दोन्ही लाकडांतून एकदमच पाडा.

आता भोकं कशी पाडायची ते जरा सविस्तर सांगते, कारण घोटाळे इथेच होतात. वरच्या-खालच्या दोन इंचांची अट धरली तर तुमच्या जॉइस्टमध्ये अडीच इंची भोकाचा मध्य वरच्या कडेपासून सव्वातीन ते सहा इंचांच्या पट्ट्यातच येऊ शकतो. म्हणजे पाइपाला उतरायला पावणेतीन इंच आहेत. दर फुटाला पाव इंच ढाळ धरला तर चार फुटांत पाइप एकच इंच उतरतो. पहिल्या आणि तिसऱ्या भोकात फरक पाऊण इंचाहूनही कमी. जागा भरपूर आहे. सुरुवात कुठून करायची हे ट्रॅप ठरवतो. ड्रेन, खालची नळी आणि ट्रॅप न चिकटवता एकमेकांत बसवून बघा आणि ट्रॅपच्या बाहेर निघणाऱ्या तोंडाचा मध्य जॉइस्टच्या कडेपासून किती खाली येतो ते मोजा. तो त्या पट्ट्यात यायला हवा. फार वर आला तर ड्रेनखालची उभी नळी थोडी लांब घ्या.

मोजताना जॉइस्टच्या वरच्या कडेवर भरवसा ठेवू नका. जुन्या घरात दोन जॉइस्टच्या कडा सहसा एका पातळीत नसतात. पातळीत ताणलेली दोरी किंवा लेझर घ्या आणि तिथून खाली माप घेत प्रत्येक जॉइस्टवर खूण करा. साधं ड्रिल, पुढे गोल भोक कापणारी करवत (होल सॉ) लावल्यावर, साडेचौदा इंचांच्या फटीत सरळ बसत नाही, तिथे काटकोनी ड्रिल लागतं. तिरकं धरून पाडलेलं भोक लांबट होतं आणि ढाळही बिघडतो. मधली बारीक बिट पलीकडे निघाली की थांबा आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा, म्हणजे लाकडाचे कपचे उडत नाहीत.

प्लंबरला खाच का हवी आहे हेही समजून घ्या. त्यात वाईट हेतू नाही. चार फुटांचा सलग पाइप तीन भोकांतून ओवता येत नाही, कारण दोन जॉइस्टमध्ये तो आडवा शिरतच नाही. खाचेत तो वरून नुसता ठेवला की झालं. भोकांतून न्यायचा तर तेरा-चौदा इंचांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा फटीत घालून भोकातून पलीकडे सरकवायचा आणि प्रत्येक फटीत दोन तुकडे जोडणारं एक कपलिंग चिकटवायचं. वेळ जास्त लागतो, सांधे जास्त येतात. त्या वेळेचे पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवा आणि तसं त्याला आधीच सांगा. चिकटवण्याआधी सगळं कोरडं जोडून प्रत्येक तुकड्यावर लेव्हल ठेवून बघा. पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट लागल्यावर सांधा काही सेकंदांतच धरतो.

टबचा जुना पाइप बहुधा दीड इंची असेल. शॉवरला दोन इंची घाला. काही ठिकाणी एका शॉवरला दीड इंची चालतो, पण टबमधलं पाणी तुंबलं तर टबातच राहतं, शॉवरमधलं तुंबलं तर उंबरठ्यावरून बाहेर येतं. आणि पाइप पुढे जाऊन कुठेही अरुंद होता कामा नये. भिंतीतला उभा पाइपही दीड इंची निघाला तर तोही पुढच्या मोठ्या पाइपापर्यंत बदलावा लागेल. हे आजच भिंत उघडून बघा, कारण यामुळे कामाचं अंदाजपत्रक बदलू शकतं.

व्हेंटचं, म्हणजे पाइपात हवा येऊ देणाऱ्या वर छतापर्यंत गेलेल्या नळीचं, अंतर तुमच्या बाजूने आहे. ट्रॅपमधलं पाणी हेच घाण वास घरात येऊ न देणारं झाकण. पाइप व्हेंटला मिळण्याआधी स्वतःच्या व्यासाहून जास्त खाली उतरला तर वाहतं पाणी ते झाकण ओढून नेऊ शकतं. दोन इंची पाइपाला दर फुटाला पाव इंच ढाळाने दोन इंच उतरायला आठ फूट लागतात, म्हणून रेसिडेन्शियल कोडमध्ये आठ फुटांची मर्यादा आहे. युनिफॉर्म प्लंबिंग कोड ही दुसरी संहिता लागू असलेल्या भागात ती पाच फूट आहे. तुमचं अंतर चार फुटांच्या आत येतं, म्हणजे दोन्हींत बसतं. फक्त भिंतीतला तो उभा पाइप खरोखर वर छतापर्यंत व्हेंट म्हणून गेलेला आहे ना, हे प्लंबरकडून पाहून घ्या. आणि पाणी लवकर जावं म्हणून कोणी पाइप जास्त उतरता लावायला निघालं तर त्याला थांबवा.

परवान्याची गरज असलेल्या गावात राहत असाल तर तपासणी प्लायवुड बसवण्याआधी होते, म्हणून निरीक्षकाला जमीन उघडी असतानाच बोलवा. स्थानिक नियम मी दिलेल्या आकड्यांपेक्षा कडक असले तर तेच पाळायचे. पाइपाचं पुढचं तोंड बंद करून तो पाण्याने भरा आणि प्रत्येक कपलिंगखाली कोरडा कागद धरा. टाइल्सचा शॉवर करत असाल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर ड्रेनला बूच लावून पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहा. खालच्या खोलीचं छत उघडलेलं असेल तर ही चाचणी होईपर्यंत ते बंद करू नका. आणि प्लायवुड बसण्याआधी प्रत्येक भोकाशी टेप धरून फोटो काढून ठेवा, वरच्या कडेपासूनचं माप वाचता येईल असा.